जोहारी खिडकी : आपण आणि लोकांना दिसणारे आपण

श्रोतेहो, नमस्कार.

आपण स्वतःला जसे ओळखतो, तसेच लोकही आपल्याला ओळखतात, असं आपण धरून चालतो. ते कितपत खरं आहे, हे कागद-पेन घेऊन तपासता येतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली त्यासाठी चार कप्प्यांची खिडकी मांडली. दोघांच्या नावांवरून तिला जोहारी खिडकी म्हणतात.

या खिडकीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित यादीत स्वभाव सांगणारे ५६ शब्द आहेत : शांत, धीट, लाजाळू, अभिमानी, भरवशाचा, हळवा वगैरे. आपण मराठीत पंचवीस-तीस शब्द घेतले तरी भागतं. फक्त सगळे शब्द कौतुकाचे नकोत, नाहीतर गोड बोलण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

यादीच्या सहा प्रती काढा. एकीवर स्वतःला लागू पडणाऱ्या पाच-सहा शब्दांवर खूण करा आणि ती घडी घालून ठेवून द्या. उरलेल्या पाच प्रती घरचं कुणी, कामावरचे दोघं, जुना मित्र आणि शेजारी यांना द्या. त्यांनीही तुमच्यासाठी पाच-सहाच शब्द निवडायचे.

घोळ होतो तो इथे. सगळे एकत्र बसले की पहिला म्हणतो, “ती फार प्रेमळ आहे,” आणि बाकीचे त्याचीच री ओढतात. म्हणून प्रत्येकाने एकट्याने, नाव न घालता खुणा कराव्यात आणि कागद एका डब्यात टाकावा. ज्याची नोकरी किंवा पगार तुमच्या हातात आहे, त्याला यात घेऊच नका. तो खरं लिहिणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

आता मोठ्या कागदावर अधिकचं चिन्ह काढा. तुम्ही आणि इतरांनीही निवडलेले शब्द वर डावीकडे, फक्त इतरांनी निवडलेले वर उजवीकडे, फक्त तुम्ही निवडलेले खाली डावीकडे. कुणीच न निवडलेले उरतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

खरं काम वरच्या उजव्या कप्प्यात आहे. समजा, तुम्ही ‘लाजाळू’वर खूण केलीत आणि तिघांनी ‘अभिमानी’वर. दोन्ही शब्द एकाच वागण्यातून आलेले असू शकतात : सकाळी ऑफिसात शिरल्यावर मान खाली घालून, कुणाशी न बोलता थेट टेबल गाठणं. तुम्हाला आतला संकोच ठाऊक असतो, समोरच्याला फक्त न मिळालेला नमस्कार दिसतो. अशा वेळी “ही खूण कुणी केली?” असं विचारलंत की पुढचं सगळं बंद. पाचही जणांना सरसकट विचारा, “मी काय केलं की असं वाटतं?” उत्तर वागण्याचं मिळालं, तर बदलता येतं.

मग मानायचं कुणाचं? मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१० सालच्या संशोधनात असं दिसलं, की चिंता, अस्वस्थता या आतल्या गोष्टी माणसाला स्वतःलाच जास्त नेमक्या कळतात. बुद्धी आणि कल्पकता यांच्याबाबत मात्र मित्रांचा अंदाज सरस ठरतो, कारण तिथे आपला अहंकार आड येतो. तेव्हा ‘अस्वस्थ’ या शब्दावर स्वतःचं ऐका, ‘कल्पक’वर मित्रांचं.

आणि वागण्यातली एकच गोष्ट बदलायला घ्या. तीन-चार महिन्यांनी तीच यादी, त्याच पाच जणांना पुन्हा द्या.