गोचीडताप आणि मानेवरचे थेंब

श्वानपालकहो, ज्याला आपण सरसकट गोचीडताप म्हणतो, त्यात प्रामुख्याने दोन आजार येतात. एर्लिकिया कॅनिस या जिवाणूच्या संसर्गात प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात आणि कधी कधी कुत्र्याचा घोळणा फुटतो. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, तेव्हा हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद होते. दोन्हींवर उपचार आहेत, परंतु बरा झालेला कुत्रा पुन्हा गोचीड चावली की पुन्हा आजारी पडू शकतो; म्हणून सारी भिस्त प्रतिबंधावर ठेवावी लागते.

आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात राहणारी आहे. अळी, पिल्लू आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत ती कुत्र्याचे रक्त पिते, दर वेळी गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा कुत्र्याच्या गादीखाली दडते. मादी तिथेच हजारो अंडी घालते. विदर्भाची उष्णता तिला मानवते आणि नागपूरचा हिवाळा तिला संपवण्याइतका कडक नसतो. त्यामुळे केवळ पावसाळ्यात औषध लावण्याची आपल्याकडची रीत मला अपुरी वाटते.

आता थेंबांविषयी, कारण खरी गफलत तिथेच होते. फिप्रोनिल या गोचीडनाशक औषधाचे थेंब त्वचेवर पडले की त्वचेतील तेलाबरोबर अंगभर पसरतात आणि तैलग्रंथींत साठून पुढे सुमारे महिनाभर झिरपत राहतात. म्हणून केस नीट विलग करून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही अशा जागी, पिपेटचे (औषधाच्या छोट्या नळीचे) टोक थेट कातडीला टेकवून औषध सोडावे. केसांवर सांडलेले औषध वाया गेले असे समजावे. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. उन्हाळ्यात दर आठवड्याला शाम्पू लावणाऱ्या घरांत तर त्वचेवरचे तेलच धुऊन जाते आणि दोष मात्र औषधाला लागतो. मात्रा वजनावर ठरते: 10 किलोपर्यंत 0.67 मिलि, 10 ते 20 किलोसाठी 1.34 मिलि, 20 ते 40 किलोसाठी 2.68 मिलि. मोठी पिपेट दोन लहान कुत्र्यांत वाटून काटकसर करणारे पुष्कळ आहेत. त्यात कोणाला किती मिळाले, हे कोणालाच कळत नाही.

फिप्रोनिल गोचिडीला मारते, पण चिकटण्यापासून रोखतेच असे नाही, आणि मरायला तिला एक-दोन दिवस लागू शकतात. एर्लिकिया मात्र चिकटल्यानंतर काही तासांतच रक्तात उतरू शकतो. म्हणून जिथे गोचिडींचा सुळसुळाट आहे, तिथे चिकटण्याआधीच त्यांना पळवणारे पर्मेथ्रिनयुक्त थेंब मला अधिक योग्य वाटतात. अट एकच, घरात मांजर नसावे. मांजराच्या यकृताला पर्मेथ्रिनचा निचरा करता येत नाही. त्याला झटके येऊन ते दगावू शकते.

थेंब नियमित लावूनही पहिले काही आठवडे अंगावर गोचिडी दिसतील, कारण भेगांतल्या पिढ्या एकामागून एक वर येत राहतात. तेवढ्यावरून औषध बदलू नये. भेगा बुजवाव्यात, गादी गरम पाण्याने धुवावी आणि घरातल्या सर्व कुत्र्यांना एकाच दिवशी थेंब लावावेत. गुरांच्या पाठीवर ओतायचे औषध स्वस्त पडते म्हणून अंदाजाने कुत्र्याला लावू नये. त्याची तीव्रता आणि मात्रा गुरांसाठी ठरवलेली असते.