कोनाड्याची कड

(दृश्य: पुण्यातला एक फ्लॅट. बाथरूमची अर्धी बांधून झालेली भिंत, तिच्यात सोडलेली आडवी पोकळी.)

शांपू, साबण, फेसवॉश, दाढीचं सामान. आंघोळीच्या वेळी हाताशी लागणाऱ्या या वस्तूंसाठी पूर्वी भिंतीला प्लास्टिकचं शेल्फ ठोकायचे, नाहीतर कोपऱ्यात कडाप्प्याची फळी बसवायचे. आता नवं घर असो की जुन्या बाथरूमची दुरुस्ती, बहुतेकांना भिंतीतच कोनाडा हवा असतो. कामावर त्याला ‘निश’ म्हणतात. वाड्यांच्या जाडजूड भिंतींत कोनाडे सहज निघायचे. फ्लॅटच्या चार इंची भिंतीत मात्र आधी जागाच तयार करावी लागते.

नव्या टॉवरमध्ये तर तेही जमत नाही. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती, ज्यांना साइटवर सर्रास ‘मायवान’ म्हणतात, त्या अखंड काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. तिथे छिन्नी लावायचीच नाही. बाहेरच्या भिंतीचंही तेच. पावसाचा मारा खाणारी भिंत आतून पोखरली की ओल यायला वेळ लागत नाही. म्हणून इथे मिस्त्रींनी मूळ भिंतीला हात न लावता तिच्यापुढे हलक्या ब्लॉकची दुसरी भिंत उचलली आहे. नळाच्या पाइपलाइनी तिच्यातच लपतील आणि कोनाडाही तिच्यातच बसेल.

जागा झाली, की प्रश्न उरतो कडेचा. टाइल समोरून कितीही देखणी असली, तरी तिची बाजू लोकांनी पाहावी म्हणून केलेली नसते. सपाट भिंतीत ती शेजारच्या टाइलला लागून झाकली जाते. कोनाड्याच्या तोंडाशी ती चारही बाजूंनी उघडी पडते.

(दृश्य: तुटलेल्या दोन टाइल, बाजू कॅमेऱ्यासमोर.)

डावीकडची भिंतीची सिरॅमिक टाइल आहे. वरचा चकचकीत थर म्हणजे ग्लेझ. तो एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि त्याखाली विटकरी रंगाची भाजलेली माती. ही माती सच्छिद्र असते. भिंतीची साधी टाइल तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. उजवीकडची व्हिट्रिफाइड. ती अर्ध्या टक्क्याच्या वर पाणी घेत नाही. गुजरातेत मोरबीला देशातल्या बहुतेक टाइल तयार होतात आणि हे दोन्ही प्रकार तिथून येऊन दुकानात शेजारीशेजारी उभे राहतात. दुकानदार डिझाइन दाखवतो, आपण डिझाइनच बघतो. ज्यांना कोनाडा करायचा आहे त्यांनी टाइल आडवी धरून तिची बाजू बघायला मागावी. वरचा रंग आणि अंगाचा रंग जवळपास सारखा असेल, तर कडेचं काम पुष्कळ सोपं होतं. पांढऱ्या ग्लेझखाली लाल माती असेल, तर ती कुठल्या ना कुठल्या मार्गाने झाकावीच लागेल.

मुंबईच्या जुन्या बाथरूममधल्या सहा बाय सहा इंची पांढऱ्या टाइल अनेकांना आठवत असतील. त्यांच्या जोडीला एक बाजू गोल केलेल्या टाइल मिळायच्या. त्या गोलाईवरही ग्लेझ असे, त्यामुळे खिडकीची कड असो की ओट्याची, प्रश्नच येत नसे. आजच्या दोन फुटी, चार फुटी टाइलना तशी जोड सहसा मिळत नाही. कड कारखान्यातून येत नाही, ती साइटवर करावी लागते.

(दृश्य: मिस्त्री भिंतीवर पेन्सिलने आखणी करताना. घराच्या ताई दारात उभ्या.)

“मिस्त्री, कडेचं नंतर बघू ना? आधी भिंत तर होऊ दे.”

“ताई, भिंत झाल्यावर काय बघणार? आत्ताच सांगा.”

मिस्त्रींचं म्हणणं अगदी खरं आहे. कड शेवटी दिसते, पण ती पहिली टाइल लागायच्या आधी ठरवावी लागते. या बाथरूममध्ये ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या टाइल आडव्या लागणार आहेत. कोनाडाही तेवढाच, दोन फूट लांब आणि एक फूट उंच, नेमका एका टाइलच्या जागी. आखणी अशी, की कोनाड्याच्या चारही कडा भिंतीच्या सांध्यांवर येतील. हे साधलं, तर कोनाड्याभोवती एकही टाइल एल आकारात कापावी लागत नाही. एल आकाराचा काप आतल्या कोपऱ्यात हमखास तडकतो. आणि कोनाड्याच्या एका बाजूला अर्धी टाइल, दुसऱ्या बाजूला दोन बोटांची चिंधी, असं झालं की मग कड कितीही सफाईने करा, भिंत रोज डोळ्यांत खुपते.

म्हणूनच ब्लॉकमध्ये पोकळी सोडताना ती तयार कोनाड्यापेक्षा प्रत्येक बाजूला साधारण दीड सेंटीमीटर मोठी सोडली आहे. टाइलची जाडी आणि तिच्यामागचं ॲडेसिव्ह मिळून तेवढी जागा खातात. हा हिशोब अंदाजपंचे केला, की शेवटी कोनाडा लहान होतो आणि सांधे हुकतात.

टाइलच्या आधी वॉटरप्रूफिंग. कोनाड्याला आतून आठ कोपरे असतात आणि पाणी नेमकं तिथेच मुरतं. पोकळीच्या आत प्लास्टर गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात करून, सांध्यांवर फायबरची जाळी दाबून, वर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात दिले जातात. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडव्या दिशेने. हे काम कॅमेऱ्याला दाखवण्यासारखं नाही, राखाडी थरापलीकडे काही दिसतही नाही. पण टाइल आणि सांध्यांत भरायचं ग्राउट पाणी पूर्णपणे थोपवत नाहीत, ते या थरालाच थोपवायचं असतं.

आता कड. बाजारात सगळ्यात झटपट मिळणारा उपाय म्हणजे धातूची पट्टी, प्रोफाइल. जर्मनीत इझरलोन इथल्या वेर्नर श्ल्यूटर या टाइल कारागिरानेच १९७५ साली अशी पट्टी काढली. ती आज जगभरच्या बाथरूममध्ये दिसते. पट्टीचा एक पाय टाइलखाली ॲडेसिव्हमध्ये दबतो आणि कड वर दिसते. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पट्टीची उंची टाइलच्या जाडीला जुळली पाहिजे. पट्टी वर आली तर हाताला आणि कापडाला अडकते. दुसरं, ॲल्युमिनियमवर पडलेलं ओलं सिमेंट किंवा ॲडेसिव्ह लगेच पुसायचं, कारण सिमेंटचा क्षार धातू खातो आणि डाग कायमचा राहतो. कोकणात, खाऱ्या वाऱ्याच्या गावी, स्टेनलेस स्टीलची पट्टी घेतलेली बरी. पट्टीचे चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत नीट जुळले नाहीत, तर मात्र स्वस्तातलं काम स्वस्तच दिसतं.

दुसरा मार्ग ग्रॅनाइटच्या चौकटीचा. आपल्याकडे बाथरूमच्या दाराला ग्रॅनाइटची चौकट बसवायची रीत आहेच, त्यामुळे हे काम गावोगावच्या मिस्त्रींच्या हातात बसलेलं आहे. दगड आरपार एकाच रंगाचा असतो. त्याची कड घासून पॉलिश केली की ती झाकण्याचा सवालच उरत नाही, आणि धक्का लागून टवका उडाला तरी आतून वेगळा रंग बाहेर येत नाही. काही डिझायनर चौकटीला नाकं मुरडतात. लहान मुलं असलेल्या घरात, भाड्याने द्यायच्या घरात मी डोळे झाकून दगडच सुचवेन.

या घरात मात्र ताईंना कडेला काहीच दिसायला नको आहे. टाइल भिंतीवरून आली आणि वळून कोनाड्यात गेली, असं त्यांना हवंय. म्हणजे पंचेचाळीस मारायचे: दोन्ही टाइलच्या कडा पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापून एकमेकींना भिडवायच्या.

(दृश्य: बाल्कनी. टेबलावर पालथी टाइल, तिच्या कडेवर चार इंची ग्राइंडर. बाजूने पाण्याची बारीक धार.)

जवळून पाहा. टाइल पालथी आहे. कापायचं ते अंगाकडून, ग्लेझला हात लावायचा नाही. ब्लेड अखंड कडेचं आहे, खाचा असलेलं नाही, कारण खाचांचं ब्लेड टवके उडवतं. मिस्त्री एका दमात कापत नाहीत. आधी जाड मटेरियल काढतात, मग ब्लेड तिरकं धरून हलक्या हाताने घासत कडेकडे येतात. कोन बरोबर पंचेचाळीसचा न ठेवता किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दोन टाइल समोर मिळतात तेव्हा पाठीमागे त्यांचं अंग एकमेकांत अडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटच्या हाताला घडतं. ग्लेझपाशी ते साधारण एक मिलिमीटर जाडी तशीच शिल्लक ठेवतात. घासत घासत सुरीसारखी धार आणली, तर त्या दिवशी ती झकास दिसते आणि पहिल्या बादलीचा कान लागताच तिचा टवका उडतो.

त्यांच्या तोंडावर मास्क आहे, तो आम्ही चित्रीकरणासाठी लावायला सांगितलेला नाही. टाइलच्या अंगात क्वार्ट्झ असतं. कोरडी टाइल घासताना उडणारी पांढरी धूळ फुफ्फुसांत जाते आणि वर्षानुवर्षं गेली तर सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. पाण्याची धार आणि चांगला मास्क, दोन्ही हवेतच. तेवढ्याने काम थोडं संथ होतं, म्हणून अनेक साइटवर दोन्ही टाळतात. घरमालकाने धारेसाठी पाण्याची सोय करून द्यावी आणि घाई करू नये. मला हे टाइलच्या रंगापेक्षा मोठं वाटतं.

(दृश्य: कोनाड्यात टाइल बसवताना.)

बसवण्याचा क्रम ठरलेला. आधी पाठ, मग तळ, मग छत, आणि शेवटी दोन्ही बाजू. बाजूचे तुकडे तळावर उभे राहतात आणि छताच्या तुकड्याला खालून आधार देतात. तिरप्या कडेच्या मागे ॲडेसिव्ह ठासून भरलेलं पाहिजे. तिथे पोकळी राहिली, तर वरून टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो, आणि फुटते ती तिथेच. आतल्या कोपऱ्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून तिच्यात पुढे सिलिकॉन भरतात. भिंती थोड्याफार हलतात, कडक ग्राउट तिथे तडकतं.

तळाला मात्र मिस्त्रींनी पंचेचाळीस मारलेले नाहीत. इथे ताईंशी त्यांची बरीच बोलाचाली झाली. तळाच्या कडेचा सांधा वर तोंड करून असतो, रोजचं साबणाचं पाणी त्याच्यावरूनच जातं. शेवटी तळाला फिकट ग्रॅनाइटचा एकसंध तुकडा आला, पुढची कड हाफ राउंड, म्हणजे घासून अर्धगोल केलेला, टाइलच्या पाच मिलिमीटर बाहेर. पाणी त्या कडेवरून खाली पडतं, सांध्यात शिरत नाही. चार इंच खोलीला पुढच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उतार दिला आहे. त्याहून जास्त दिला, तर साबण घसरतो. तीन कडा टाइलच्या आणि तळ दगडाचा, ही जोडी मला सगळ्यात पटते.

दुसऱ्या दिवशी तिरप्या सांध्यात टाइलच्या रंगाचं इपॉक्सी भरलं. हे ग्राउट रेझिन, हार्डनर आणि पावडर एकत्र करून बनतं. एकदा कालवलं की उन्हाळ्यात ते फार वेळ थांबत नाही, म्हणून थोडं थोडंच कालवायचं आणि चिकट थर ओल्या स्पंजाने तेव्हाच्या तेव्हा पुसायचा. उद्यावर टाकला, तर तो निघता निघत नाही. इपॉक्सी घट्ट झाल्यावर कडेवरून बारीक डायमंड पॅड दोन-तीनदा हलकेच फिरवला, की धार मरते आणि कोपर लागली तरी खरचटत नाही.

आणि आता पैशांचं. टाइल लावायचा दर चौरस फुटाने ठरतो. या कोनाड्याचं तोंड दोन चौरस फूट. त्या हिशोबाने मिस्त्रींच्या पदरात काय पडणार? पण त्याची कड आहे सहा रनिंग फूट, म्हणजे नुसत्या लांबीचे फूट, आणि त्या सहा फुटांत त्यांचा जवळजवळ अख्खा दिवस गेला आहे. पंचेचाळीसचा आणि मोल्डिंगचा, म्हणजे दगडाची कड गोल करण्याचा, दर रनिंग फुटाने वेगळा असतो. तो काम सुरू व्हायच्या आधी बोलून, अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहून घ्यावा. ताईंनी तसाच घेतला होता, आणि मापं टेप लावून दोघांनी मिळून घेतली.