कुबा मशिदीच्या जियारतीला वुजू करूनच का निघावे?

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

हज किंवा उमऱ्यासाठी (मक्केची छोटी यात्रा) गेलेले बहुतेक यात्रेकरू मदिनेतही काही दिवस मुक्काम करतात आणि त्या मुक्कामात एखाद्या सकाळी बस त्यांना कुबा मशिदीच्या आवारात उतरवते. वीस मिनिटांत परत या, असे बजावले जाते. लोक वुजूसाठी, म्हणजे नमाजीआधी हात, तोंड, पाय धुण्यासाठी, घाईने वुजूखान्यापुढे रांग लावतात, दोन रकात (नमाजीचे एकक) नमाज अदा करतात, एखादे छायाचित्र काढतात आणि बस उहुद या डोंगराच्या दिशेने निघून जाते. माझी पहिली जियारत, म्हणजे पवित्र स्थळाची भेट, हीही अशीच झाली. ज्या हदीसमुळे, म्हणजे पैगंबरांच्या वचनामुळे, मी तेथे गेलो होतो, तिच्यातील पहिलीच गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती, हे मात्र खोलीवर परतल्यावर माझ्या ध्यानात आले आणि त्याची मला फार चुटपुट लागली. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून आजचा हा व्हिडिओ.

ही हदीस पैगंबरांचे साथीदार हजरत सहल बिन हुनैफ (रजि.) यांच्याकडून आलेली असून नसाई आणि इब्ने माजा यांच्या हदीस संग्रहांत ती आढळते. जो आपल्या घरी पाक होतो, मग कुबा मशिदीत येतो आणि तेथे नमाज अदा करतो, त्याला उमऱ्याएवढा सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो, असा तिचा आशय आहे. यातील क्रम नीट पाहा : आधी घरी पाक होणे, मग निघणे, मग नमाज. परगावी आलेल्या यात्रेकरूचे घर म्हणजे त्याची मुक्कामाची खोली. म्हणूनच वुजू खोलीवर करून, कुब्याला जाण्याची नियत (संकल्प) मनात धरूनच बाहेर पडावे. येथे एक खुलासा करायला हवा. कुबा मशिदीची जियारत हा हजचा किंवा उमऱ्याचा भाग नाही. ती केली नाही म्हणून हज अपुरा राहत नाही आणि ती केली म्हणून कोणावरचा फर्ज, म्हणजे अनिवार्य, उमरा किंवा हज उतरत नाही.

मग या मशिदीला एवढे महत्त्व का? इसवी सन 622 मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मक्केहून हिजरत (स्थलांतर) करून निघाले, तेव्हा मदिनेच्या दक्षिणेला असलेल्या कुबा या वस्तीत ते प्रथम थांबले. तेथे बनू अम्र बिन औफ या कबिल्याच्या लोकांनी त्यांचे स्वागत केले. हा मुक्काम किती दिवसांचा होता याविषयी कथने वेगवेगळी आहेत. बुखारी या हदीस संग्रहात चौदा रात्रींचा उल्लेख येतो. याच मुक्कामात या मशिदीचा पाया घातला गेला. मदिनेतील मस्जिदे नबवी, म्हणजे पैगंबरांची मशीद, त्यानंतरची आहे.

कुरआनच्या सूरह तौबामधील 108 व्या आयतीत पहिल्या दिवसापासून तकव्यावर (अल्लाहविषयीच्या भीतियुक्त श्रद्धेवर) उभारलेल्या मशिदीचा उल्लेख आहे. ही मशीद म्हणजे मस्जिदे नबवी, असे सांगणारी हदीस सहीह मुस्लिम या संग्रहात आहे, तर अनेक भाष्यकारांच्या मते आयतीचा संदर्भ कुब्याचा आहे. दोन्ही मशिदींचा पाया तकव्यावरच असल्याने यात विरोध नाही, असेही विद्वान सांगतात. मला त्या आयतीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या मशिदीत पाक राहणे ज्यांना आवडते असे लोक आहेत आणि पाक राहणारे अल्लाहला प्रिय आहेत, असे तेथे म्हटले आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील कथनानुसार हे शब्द कुब्याच्या लोकांविषयी आहेत, कारण ते स्वच्छतेसाठी पाणी वापरण्याबद्दल दक्ष असत. म्हणजे ज्या वस्तीची ओळखच पाकीची, तिथल्या मशिदीच्या जियारतीची सुरुवातही पाकीनेच होते. हे कळले की खोलीवरच्या वुजूकडे केवळ एक नियम म्हणून पाहिले जात नाही.

या मशिदीत घडलेला आणखी एक प्रसंग जियारतीला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा. सुरुवातीच्या काळात नमाज बैतुल मक्दिसकडे (जेरुसलेम), म्हणजे मदिनेहून उत्तरेकडे, तोंड करून अदा केली जात असे. हिजरतीच्या दुसऱ्या वर्षी काबागृहाकडे तोंड करण्याचा हुकूम आला. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) सांगतात की, कुब्याचे लोक फजरची (पहाटेची) नमाज अदा करत असताना एक माणूस आला आणि त्याने हा हुकूम ऐकवला. लोकांची तोंडे शामच्या, म्हणजे सीरियाच्या, दिशेला होती. ते उभ्या नमाजीतच काब्याकडे वळले. मक्का मदिनेच्या दक्षिणेला आहे, हे लक्षात घेऊन ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. एकत्र नमाज अदा करणारी संपूर्ण जमात अर्धे वर्तुळ वळली, क्षणापूर्वी पुढे असलेली भिंत पाठीशी आली आणि इमामाला सफांच्या (रांगांच्या) दुसऱ्या टोकाला यावे लागले असणार. मशिदीत बसल्यावर आधी मिहराबाची, म्हणजे काब्याची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, दिशा पाहा, मग मागे उत्तरेकडे वळून पाहा. या एका कृतीने ती फजर जितकी जवळ येते, तितकी कोणत्याही वर्णनाने येत नाही.

आज दिसणारी वास्तू मात्र त्या काळातील नाही. तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मशीद वाढवली गेली, पुढे खलिफा झालेले उमर बिन अब्दुल अजीज यांनी तिचा पहिला मिनार बांधला आणि नंतरच्या शतकांत अनेकदा डागडुजी व पुनर्बांधणी झाली. सध्याची पांढरीशुभ्र इमारत वास्तुविशारद अब्दुल वाहिद अल-वकील यांच्या आराखड्यानुसार 1986 मध्ये उभी राहिली. तिला चार मिनार आहेत. चौथऱ्यापाशी ते चौकोनी आहेत, वर अष्टकोनी होतात आणि टोकाला गोल. आतील अंगणात काळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या संगमरवराची फरशी असून दिवसा उन्हापासून बचावासाठी त्यावर आच्छादन ओढले जाते. 2022 मध्ये सौदी सरकारने मशिदीच्या मोठ्या विस्ताराची योजना जाहीर केली असून क्षेत्रफळ 50,000 चौरस मीटर आणि क्षमता 66,000 नमाजींपर्यंत नेण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे आवारातील वाटा बदललेल्या दिसल्या तर गोंधळून जाऊ नका. स्त्रियांसाठी नमाजीची जागा स्वतंत्र आहे, तेव्हा कुटुंबासह जाणाऱ्यांनी परत भेटण्याचे ठिकाण आत शिरण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. बुखारीतील हदीसनुसार पैगंबर (स.) दर शनिवारी कुबा मशिदीत येत, कधी पायी, कधी वाहनावरून, आणि हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) हीच पद्धत पाळत. मस्जिदे नबवीपासून कुब्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटरचा पायी मार्ग आता तयार आहे. साध्या चालीने पाऊण तास ते एक तास लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना ऊन सोसत नाही, त्यांनी चालण्याचा हट्ट धरू नये. वाहनाने जाणेही त्याच हदीसमध्ये आलेले आहे. वाटेत वुजू गेला तर मशिदीपाशी पुन्हा करावा, त्यासाठी तेथे सोय आहे. बसने जाणाऱ्यांनाही खोलीवर वुजू करून निघण्यात काहीच अडचण नाही आणि त्यामुळे रांगेत जाणारा वेळ नमाजीला मिळतो.

वेळेबाबत एक सूचना. फजरनंतर लगेच चालायला निघालात, तर तुम्ही सूर्योदयाच्या आसपास पोहोचाल. सूर्य उगवताना नफिल (ऐच्छिक) नमाज अदा करू नये, आणि फजरनंतर सूर्य वर येईपर्यंतही हनफी या विधी-परंपरेच्या मतानुसार ती टाळली जाते. शाफई परंपरेच्या मतात मशिदीत प्रवेश केल्याच्या दोन रकातींना सवलत आहे. आपापल्या मताप्रमाणे वागावे. थांबायचे असेल, तर सूर्योदयानंतर साधारण वीस मिनिटे पुरतात.

दुसऱ्या खेपेला मी शनिवार निवडला. खोलीवर सावकाश वुजू केला, मस्जिदे नबवीत फजर अदा केली आणि दक्षिणेकडे चालू लागलो. पोहोचलो तेव्हा मिनारांच्या टोकांवर ऊन आले होते, अंगणातली फरशी अजून थंड होती आणि माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ तस्बीह (जपमाळ) ओढत सूर्य वर येण्याची वाट पाहत बसले होते. मीही त्यांच्याजवळ बसलो. वीस मिनिटांनी आम्ही दोघेही उठलो आणि दोन रकातींची नियत बांधली.