वरातीमागून घोडं

एखादी गाजलेली रेकॉर्ड आपण ऐकलेलीच नाही, असं चारचौघांत कबूल केलं की समोरचा म्हणतो, ‘काय सांगता!’ त्यात आश्चर्य थोडं आणि कीव जास्त. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम मी वयाच्या ५३व्या वर्षी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ही कीव माझ्या चांगली ओळखीची आहे.

आणि ऐकून काय वाटलं? खरं सांगतो, फारसं काही नाही. हे आपण आधी ऐकलंय, एवढंच वाटलं. १९५९मध्ये हा अल्बम निघाल्यापासून कितीतरी जणांनी त्यातलं थोडं थोडं उचललं आणि त्या नकला माझ्या कानांवर आधी पडल्या. अस्सल वस्तू समोर आली तर तीच नक्कल वाटायला लागली! उशिरा येणाऱ्याला खरा दंड पडतो तो हा. दोन-तीन आठवडे रोज रात्री ऐकल्यावर कुठे ते आवरण गळालं आणि बिल एव्हान्सचा पियानो वेगळा ऐकू यायला लागला. तो माणूस किती कमी वाजवतो, हे कळायलाच मला इतके दिवस लागले.

मग त्या अल्बमबद्दल एक मजेदार गोष्ट वाचनात आली. २ मार्च १९५९च्या ध्वनिमुद्रणात टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं संगीत नेहमीच्या वेगाने वाजवलं की सूर चढतो. म्हणजे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जगाने तीसेक वर्षं किंचित चढ्या सुरात ऐकल्या! १९९०च्या दशकात बरोबर वेगाच्या दुसऱ्या टेपवरून ही चूक दुरुस्त झाली. वेळेवर आले त्यांना चढा सूर मिळाला, मला पहिल्याच दिवशी बरोबर. मला दुष्ट आनंद झाला. तो एका जुन्या श्रोत्यापाशी बोलून दाखवला, तर ते शांतपणे म्हणाले, “मला आता ती दुरुस्त केलेलीच उतरलेली वाटते.” यावर काय बोलणार?

पुस्तकांचं जरा निराळं आहे. फ्रेंच इतिहासकार फर्नां ब्रोदेलचा भूमध्य समुद्रावरचा ग्रंथ मी विशीतच विकत घेतला होता. हजारावर पानं. नावात स्पेनचा दुसरा फिलिप राजा आहे, म्हणून मी दरबार आणि लढाया शोधत होतो. सुरुवातीलाच डोंगर! मग पठारं, मैदानं, मग समुद्र. तुर्कांविरुद्धची १५७१ची लेपांतोची आरमारी लढाई येते ती थेट तिसऱ्या भागात. मी डोंगरातूनच परतलो.

ब्रोदेल १९४०मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडला आणि १९४५पर्यंत तिथेच होता. या ग्रंथाचा मोठा भाग त्याने छावणीत शाळकरी वह्यांमध्ये, बहुतांशी आठवणीतून लिहिला. ग्रंथ निघाला १९४९मध्ये. त्याच्या लेखी घटना म्हणजे लाटेवरचा फेस; खाली समाजाची संथ भरती-ओहोटी, आणि त्याच्याही खाली जवळजवळ न हलणारी जमीन आणि हवामान. रोज पराभवाच्या बातम्या कानी येणाऱ्या कैद्याला घटनांना फेस म्हणावंसं वाटलं, हे मला विशीत कळणं शक्यच नव्हतं. तेव्हा माझ्या आयुष्यात सगळ्या घटनाच होत्या. राजाला त्याने जरा जास्तच लहान केलंय, असं मात्र मला आजही वाटतं.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा तीच प्रत काढली. डोंगरांच्या प्रकरणात एका पानाच्या समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं : ‘लढाई कधी?’ पुढची सगळी पानं कोरी. ते पुसायला खोडरबर हातात घेतला होता, पण राहू दिलं. या वेळी मी डोंगरात तीन महिने होतो.