वर थेंब नाही, खाली नदी: फ्रान्सच्या चुनखडी पठारांवर ग्रॅव्हल बाइकने

[फ्लोराक गाव, सकाळ. गावातून वाहणारा झरा, मागे उभा कडा]

फ्लोराकमध्ये असतानाच बाटल्या भरून घ्या, सगळ्या, आणि फ्रेमबॅगमध्ये जागा असेल तर अजून एक. इथून चढून वर गेलं की नदी नाही, ओढा नाही, आणि एखाद्या वाडीत नळ दिसला तर ते नशीब. गंमत म्हणजे हा जो झरा गावातून खळाळत चाललाय, त्याचं पाणी त्याच कोरड्या पठारातून आलेलंय. वर पाऊस पडतो, बऱ्यापैकी पडतो, पण दगड तो गिळून टाकतो आणि काहीशे मीटर खाली कड्याच्या पायथ्याशी असा बाहेर सोडतो.

आपण दक्षिण फ्रान्समध्ये आहोत, मासिफ सेंट्रल नावाच्या मोठ्या डोंगराळ प्रदेशाच्या दक्षिण टोकाला. चार मोठी पठारं आहेत इथे, सोवतेर, मेजाँ, न्वार आणि लार्झाक, सगळी चुनखडी नाहीतर तिचाच भाऊ डोलोमाइट. ज्युरासिक काळात, म्हणजे साधारण वीस ते पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. नंतर जमीन उचलली गेली आणि तार्न, जोंत, दुर्बी या नद्यांनी ती चिरून वेगळी केली. घळया चारशे-पाचशे मीटर खोल. त्यामुळे नकाशावर अंतर किती का कमी दिसेना, एका पठारावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे आधी सगळं उतरायचं आणि मग सगळं परत चढायचं. रोजचं किलोमीटरचं गणित इथे काही कामाचं नाही, चढाईचे मीटर मोजा.

[चढ. हेअरपिन वळणं, खाली लहान होत जाणारं गाव]

फ्लोराकहून मेजाँवर जाणारा घाट डांबरी आहे पण तिखट आहे. पुढच्या चेनरिंगपेक्षा मागची सगळ्यात मोठी दातेरी चकती मोठी असेल तर बसून चढाल, नाहीतर उभं राहून ओढाल. झाडं आहेत तोवर सावली आहे, आणि मग एका वळणानंतर झाडंच संपतात, समोर एकदम सपाट, पिवळट गवताचा माळ आणि त्याच्यावर नुसतं आभाळ.

हे कॉस मेजाँ, इथे अशा चुनखडी पठाराला कॉस म्हणतात. सगळ्यात उंच जागा माँ गार्गो, १२४७ मीटर, बाकी पठार हजाराच्या आसपास. क्षेत्र साधारण ३४० चौरस किलोमीटर आणि राहणारी माणसं इतकी कमी की दर चौरस किलोमीटरला दोनसुद्धा भरत नाहीत. डांबरी रस्ते मोजके, पण शेताकडे, गोठ्याकडे, कुरणाकडे जाणाऱ्या पांढऱ्या खडीच्या वाटा मात्र भरपूर, आणि ग्रॅव्हल बाइकला याहून वेगळं काय लागतं. रोड बाइकचं टायर इथे टिकणार नाही, माउंटन बाइक चालेल पण वाऱ्यात या लांबलचक सपाट पट्ट्यांवर तिचा कंटाळा येईल. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचं टायर, ट्युबलेस, आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, ताजं. चुनखडीचा फुटलेला दगड धारदार असतो, टायरची बाजू कापतो, आणि तो काप सीलंटने भरत नाही, त्यासाठी प्लग आणि आतून लावायचा तुकडा जवळ पाहिजे. दुकान खाली घळीत, आणि घळ कुठे आहे ते आत्ताच सांगितलं.

[खोलगट वाटीसारखी शेतं, लाल माती, भोवती दगड]

मधूनच अशी वाटी लागते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, त्याने चुनखडी विरघळत जाते, जमीन खचते, आणि विरघळून उरलेली लाल चिकणमाती तळाशी गोळा होते. पठारावर नांगर चालेल अशी माती मुख्यतः या वाट्यांमध्येच, म्हणून शेत तिथेच आणि घर बाजूच्या खडकावर, सुपीक जागा घर बांधून कोण घालवणार. घरंही बघा, छतांना लाकडी तुळया नाहीत, दगडी कमानींवर दगडी फरश्या, कारण तुळयांना पुरेल एवढं लाकूडच नव्हतं. छतावरचं पाणी थेट टाकीत. मेंढ्यांसाठी वेगळी सोय, जमिनीत दगड बसवून केलेलं गोल तळं, त्याला इथे लावोन्य म्हणतात. सायकलवाले त्याच्याकडे हावरटासारखे बघतात, पण ते पाणी मेंढ्यांचंच, आपण प्यायच्या लायकीचं नाही.

आता हा माळ बघून कोणालाही वाटेल काय निसर्ग आहे, अगदी अस्पर्श. तर अस्पर्श अजिबात नाहीये. मेंढ्या काढून घेतल्या तर काही दशकांत इथे झुडपं आणि पाइन माजतील, काही भागात माजलेतच. हजारो वर्षं मेंढ्यांनी चरून चरून हा माळ उघडा ठेवलाय. युनेस्कोने २०११ मध्ये कॉस आणि शेजारच्या सेवेन नावाच्या डोंगरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते सुद्धा मेंढपाळीतून घडलेला सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून. आपण ज्या वाटांवर सायकल चालवतोय त्यातल्या कितीतरी मुळात कळपांनी पाडलेल्या आहेत, उन्हाळ्यात वर जाण्यासाठी.

म्हणून दोन गोष्टी. कुंपणाचं फाटक उघडलं तर मागे लावायचंच. आणि मोठा पांढरा कुत्रा भुंकत आला तर सायकलवरून उतरा, सायकल मधे धरा, शांतपणे कळपाला वळसा घालून चाला. हा कळपाचा राखणदार, त्याला पातू म्हणतात, लांडगे परत आल्यापासून हे कुत्रे वाढलेत. पळून तुम्ही जिंकणार नाही.

[घोडे, दूरवरून]

मेजाँच्या पूर्वेकडे ल विलारेजवळ हे घोडे. प्रझेवाल्स्की, ठेंगणे, मातकट, ताठ आयाळीचे. मंगोलियात हे जंगली अवस्थेतून पार नाहीसे झाले होते, उरले फक्त प्राणीसंग्रहालयांत. १९९३ पासून त्यांना इथे आणून कळपात, स्वतःच्या हिमतीवर राहायची सवय लावली गेली, कारण कोरडा वारा, हिवाळ्यातली थंडी, उघडं गवत, हे सगळं तिथल्याशी बऱ्यापैकी जुळतं. २००४ आणि २००५ मध्ये इथून घोडे खरोखर मंगोलियाला गेले.

पश्चिमेला गेलात तर रॉक देझ उर्तूवर थांबा, पायाखाली तार्न नदी, ला मालेनजवळचा सगळ्यात अरुंद भाग, सपाट बुडाच्या होड्या इथून काडेपेटीएवढ्या दिसतात. या घळीत तार्नला जमिनीवरून येऊन मिळणारा ओढा जवळपास नाहीच, तिला पाणी मिळतं ते कड्यांतून फुटणाऱ्या झऱ्यांमधून. म्हणजे फ्लोराकचीच गोष्ट, फक्त मोठ्या प्रमाणात.

आणि पाणी आत काय करतं ते बघायचं तर आवेन आर्माँ ही गुहा. १८९७ मध्ये लुई आर्माँ या स्थानिक लोहाराला हे भोक सापडलं, तो एदुआर-आल्फ्रेद मार्तेलबरोबर काम करायचा, फ्रान्समध्ये गुहाशास्त्र उभं केलं तो हाच मार्तेल. वर एवढंसं तोंड, सरळ खाली पंचाहत्तर मीटरची विहीर, आणि मग प्रचंड दालन, त्यात चारशेच्या आसपास दगडी खांब, सगळ्यात उंच तीस मीटर. आता आत जायला ट्रॉली आहे. मे महिन्याच्या उन्हात सुद्धा जॅकेट घालून जा.

[उतार. ब्रेकचा आवाज. मेरुएस, मग जोंतची घळ]

मेरुएसला उतरलात की बेकरी, पाणी, सावली. इथून जोंतच्या कडेने ल रोझिएपर्यंत रस्ता डांबरी आणि बहुतेक उताराचा, ग्रॅव्हलचा हट्ट धरणाऱ्यांनी थोडा वेळ तो सोडावा. मान वर करा. पंख पसरले की अडीच मीटरच्या पुढे जातात अशी गिधाडं, ग्रिफॉन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती इथून संपली होती, गोळ्या घालून आणि विष घालून. १९८१ पासून पिंजऱ्यात वाढवलेली सोडायला सुरुवात केली आणि आज शेकडो जोड्या आहेत. त्यांचं पोट भरतं पुन्हा मेंढ्यांवरच, मेलेली मेंढी शेतकरी ठरलेल्या उघड्या जागी ठेवतात आणि गिधाडं ती साफ करतात, मेलेली जनावरं उचलणाऱ्या कंपनीची गाडी बोलवायची गरज नाही. (सगळेच शेतकरी खूश आहेत असं नाही, काहींचं म्हणणं की गिधाडं जिवंत जनावरावरही उतरतात, त्यावरून वाद चालूच आहे.)

ल रोझिएला जोंत तार्नला मिळते, उंची साधारण चारशे. समोर कॉस न्वार, म्हणजे कमावलेली सगळी उंची परत. हा चढ मला चारही पठारांच्या चढांत सगळ्यात चिवट वाटतो, पण वर पाइनची सावली आहे आणि वाटा मऊ आहेत. माँपलिए-ल-व्यूला डोलोमाइटचे कमानी-बुरूज, लांबून कोसळलेलं शहरच. हा खडक चुनखडीइतका पटकन विरघळत नाही, आणि सगळीकडे सारखाही झिजत नाही, म्हणून असले आकार. मग दुर्बीत उतार, सैल खडी, हात दुखतात, टायरमधली हवा जरा कमी केलेली बरी, आणि समोर लार्झाक.

लार्झाक सगळ्यात मोठं आणि सगळ्यात भांडखोर. १९७१ मध्ये सरकारने इथला लष्करी तळ सुमारे तीन हजार हेक्टरवरून सतरा हजारांवर न्यायचं ठरवलं, १०३ शेतकऱ्यांनी जमीन सोडणार नाही अशी शपथ घेतली, मेंढ्या थेट पॅरिसला आयफेल टॉवरखाली नेऊन चारल्या, दहा वर्षं रेटलं आणि १९८१ मध्ये मितराँ अध्यक्ष झाल्यावर योजना रद्द झाली. आज आपण ज्या शेतवाटांवरून जातोय त्यातल्या काहींवर तोफांचा सराव चालला असता. जुना तळ मात्र अजून आहे, तिथे लाल बोर्ड दिसला तर शॉर्टकट मारू नका.

[पठाराची कड, खाली दरी, समोर कोंबालूचा डोंगर]

लार्झाकवरून खाली उतरलं की रोकफोर, गावाचं नाव तेच आणि तिथल्या चीजचंही. लाकोन जातीच्या मेंढ्यांचं कच्चं दूध, कोंबालू डोंगराच्या भेगांमधून येणारी गार दमट हवा आणि किमान नव्वद दिवस. १९२५ मध्ये फ्रान्समध्ये कायद्याने नावाचं संरक्षण मिळालेलं हे पहिलं चीज. तळघरं बघायची असतील तर शेवटच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा. आणि गाव दरीत नाहीये, कड्याच्या पायथ्याशी उतारावर टांगलेलं आहे, तेव्हा खालचा गिअर अजून विसरू नका.