जस्ताचा रंग

(दृश्य: कॅरम बोर्डावर पसरलेलं वर्तमानपत्र. त्यावर रंग उडालेली छोटी गाडी.)

ही शेवरोले बेल एअर. १९५७ची. म्हणजे खऱ्या गाडीचं साल १९५७. हे खेळणं त्यानंतरचं. चोर बाजारात एका शुक्रवारी तुटक्या मोबाइल चार्जरांच्या ढिगाखाली मिळाली. पुढचं चाक वाकलेलं, काच पिवळी पडलेली, टपावर कुणीतरी खिळ्यानं ओढलेल्या रेघा. अशा जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवून दुरुस्त करणाऱ्या काकांचा जीव नेमका त्या रेघांवर जडला. "कुणीतरी खेळलंय हिच्याशी," ते म्हणाले आणि घासाघीस न करता पैसे देऊन मोकळे झाले.

(दृश्य: गिरगावातली खोली. काचेचं कपाट.)

कपाटातली सगळी मंडळी अमेरिकन. मस्टँग, थंडरबर्ड, डॉज चार्जर. वरच्या फळीवर पाकिटबंद माल, कार्डासकट. खालच्या फळीवर 'लूज', म्हणजे पाकिटातून सुटलेल्या. आपण खालीच थांबू. वरच्या फळीवर कॅमेरा नेला, तर प्लास्टिकवर आमचाच दिवा चमकत होता.

(दृश्य: भिंतीवरचा कृष्णधवल फोटो.)

मुंबईला या गाड्या परक्या नव्हत्या. शिवडीत जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शेवरोले जोडत होता. पुढे कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. काकांचे वडील टॅक्सी चालवायचे. डॉज.

(चार सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: फूटपट्टीशेजारी तीन कॅडिलॅक.)

आता हे बघा. तिन्ही १९५९च्या कॅडिलॅक. मागचे उंच पंख, प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे. खरी गाडी पावणेसहा मीटरच्या आसपास लांब. १:१८च्या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या अठराव्या हिश्शाएवढी केली, तरी ती इतकी होते, की ३० सेंटिमीटरची फूटपट्टी संपते आणि शेपूट बाहेर उरतं. मधली १:४३ची, जेमतेम १३ सेंटिमीटर. हा ४३चा विचित्र आकडा रेल्वेच्या खेळण्यांतून आला. ब्रिटनमध्ये ओ गेज या मापाच्या खेळण्यातल्या आगगाड्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरून करत. त्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायच्या मोटारीही मग त्याच मापाच्या. तिसरी, सगळ्यात धाकटी, १:६४ म्हणून विकतात. ते फारसं मनावर घेऊ नका. पाकीट सगळ्यांना एकच, त्यामुळे लांब गाड्या जरा जास्तच आखडतात.

(दृश्य: ड्रिल. जवळून.)

बेल एअरकडे परत येऊ. गाडी उलटी केली, की तळाला दोन ठिपके दिसतात. ते रिवेट. वरची बॉडी आणि खालचा बेस या रिवेटांनीच एकत्र धरून ठेवलेले असतात. काका हातानं फिरवायचं ड्रिल वापरतात, कारण मशीन घाई करतं. रिवेटचं टोपण उडालं, की थांबायचं. अजून अर्धा मिलिमीटर गेलं, तर आतला खांब फुटतो.

(आवाज: 'टक्'.)

सुटला.

काच, सीट, चाकं बाजूला. हे सगळं प्लास्टिक, पुढच्या औषधानं विरघळेल. उरली नुसती बॉडी. ती गॅलरीत, हातमोजे घालून, काचेच्या बरणीत. वर पेंट स्ट्रिपर, म्हणजे रंग उतरवायचं औषध.

(दृश्य: रंगाला सुरकुत्या पडतात, साल सुटते. वेग कमी केलेला.)

हे तीन वेळा चित्रित केलं आणि तिन्ही वेळा सगळे गप्प बसून बघत राहिलो.

जुना टूथब्रश, पाणी, आणि खाली निघाला तो झमाक. जस्त, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम, जरासं तांबं आणि मॅग्नेशियम. अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९मध्ये आणलेला मिश्रधातू. चारशे अंशांच्या आतच वितळतो, पोलादी साच्यात दाबानं भरता येतो आणि साच्यातली रेघ न् रेघ उचलतो. म्हणून तर बॉनेटवरची रॉकेटसारखी दोन टोकं एवढ्याशा गाडीवरही बोटाला लागतात. या धातूत शिसं मिसळलं गेलं, तर तडे जाऊन काही वर्षांत चुरा होतो. महायुद्धाआधीची कित्येक खेळणी अशीच गेली.

मग कानस. मग पॉलिश पेपर, आधी जाड, नंतर पाण्यात भिजवलेला बारीक. टपावरच्या रेघा इथं जाऊ शकल्या असत्या. काका त्यांच्या कडेकडेनं घासतात.

(दृश्य: आरशासारखं चकचकीत जस्त. त्यावर लाल फवारा.)

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, नाही. रंग पारदर्शक आहे, खालचा धातू झळकायला हवा. ही युक्ती १९६८ची. त्या वर्षी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीनं कॅलिफोर्नियात हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या काढल्या, त्या अशाच रंगवल्या होत्या. आणि त्या पळायच्याही. बारीक तारेचे आस, चाकांना घर्षण जवळजवळ नाहीच. पोरांनी जमिनीवर सोडाव्यात म्हणून केलेल्या गाड्या होत्या त्या. पाकिटासकट भिंतीवर टांगणं नंतरचं.

रंगवलेल्या गाडीला बाजारात मूळ रंगाच्या गाडीचा भाव येत नाही, हेही सांगायला हवं.

(दृश्य: जोडणी.)

खांबाला १.६चं भोक, आत आटे पाडून २ मिलिमीटरचा स्क्रू. उद्या पुन्हा खोलता येईल. नवी काच, सरळ केलेला आस. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला चंदेरी रंगाचा एक ठिपका. खऱ्या बेल एअरमध्ये पेट्रोलचं झाकण तिथल्या क्रोमच्या पट्टीमागे लपवलेलं असे. काका भिंग लावून तो ठिपका देतात, पुसतात, पुन्हा देतात.

(दृश्य: वर्तमानपत्र उचललं. कॅरम बोर्ड मोकळा. चिमूटभर पावडर.)

बोर्डाच्या एका कडेखाली डिक्शनरी सरकवली. काकांनी बोट काढलं.

(गाडी धावते. समोरच्या फळीवर आदळते, उलटते.)

काका गाडी उचलतात, टप बघतात, आणि डिक्शनरीखाली अजून एक पुस्तक सरकवतात.