कल्माषपाद: शापाने माणसं खाणारा राजा

अरण्यातली अरुंद पायवाट, एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच. इकडून शिकारीने दमलेला, भुकेजलेला इक्ष्वाकू कुळातला राजा कल्माषपाद आणि समोरून वसिष्ठांचा थोरला मुलगा शक्ती. राजा म्हणतो बाजूला हो, शक्ती म्हणतो वाट आधी ब्राह्मणाला, शब्दाला शब्द वाढला आणि राजाने सरळ चाबूक मारला. शक्तीने तिथल्या तिथे शाप दिला, माणसं खात फिरशील म्हणून.

महाभारताच्या आदिपर्वातली ही गोष्ट इथून फारच भयंकर होत जाते. विश्वामित्रांचं वसिष्ठांशी जुनं वैर, त्यांनी संधी साधून एक राक्षस राजाच्या अंगात घातला. राजाने पहिला खाल्ला तो शक्तीलाच, मग त्याचे सगळे भाऊ. वसिष्ठांची १०० मुलं गेली. दुःखाने वसिष्ठ जीव द्यायला निघतात, मेरू पर्वतावरून उडी टाकतात, आगीत शिरतात, स्वतःला बांधून नदीत झोकून देतात, पण ती नदी, म्हणजे आजची बियास, त्यांचे दोर सोडवून त्यांना काठावर आणून ठेवते.

माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोठा माणूस वसिष्ठच, कारण एवढं होऊनही त्यांनी राजाला उलटा शाप दिला नाही. पुढे गरोदर सून अदृश्यंती सोबत असताना हाच राजा अंगावर धावून आला, ती घाबरून गेली, तर त्यांनी नुसत्या हुंकाराने त्याला थांबवलं, मंत्राचं पाणी शिंपडलं आणि १२ वर्षं शाप भोगलेला राजा माणसात आला.

बौद्ध जातकमालेत, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या कथांमध्येही हा राजा भेटतो, सौदास म्हणून, पण तिथे शाप नाहीच! सिंहिणीच्या पोटी जन्म आणि नरमांसाची चटक. तो राजपुत्र सुतसोमाला, म्हणजे आधीच्या जन्मातल्या बुद्धाला, बोधिसत्त्वाला, पळवून नेतो. सुतसोमाच्या डोळ्यात पाणी येतं, पण मरणाच्या भीतीने नाही, एक ब्राह्मण त्याला चार श्लोक ऐकवायला आलाय, तो आता निराश होऊन जाईल म्हणून. परत येतो असा शब्द देऊन तो सुटतो, श्लोक ऐकतो, एकेका श्लोकाला हजार मोहरा देतो आणि खरंच स्वतःच्या पायांनी परत येतो. सौदास हादरतोच, श्लोक ऐकून नरमांस सोडतो, त्याने कैदेत ठेवलेले बाकीचे राजपुत्रही सोडून देतो.

ही कथा अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात रंगवलेली आहे, वाकाटक राजांच्या काळात, ५व्या शतकात. झोपलेल्या राजाचे, म्हणजे सौदासच्या वडिलांचे, पाय चाटणारी सिंहीण तिथे दिसते, ती सौदासची आई, त्यामुळे पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र बघून लगेच परत फिरू नका, १७ नंबरपर्यंत नक्की जा.